बियाणं ऐकतं

आण्याच्या मावशी माझ्या ताटातला पहिला घास स्वतः खायच्या.

आणे गावच्या उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी नेमणूक झाली आणि मी त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाड्याने उतरले, त्याच संध्याकाळची गोष्ट. पिठलं-भाकरीचं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी हात पुढे केला, तर मावशींनी माझ्याच भाकरीचा तुकडा मोडला, माझ्याच पिठल्यात बुडवला, तोंडात टाकला, सावकाश चावला आणि गिळला. मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आता जेव." मी नर्स. हात धुवा, कुणाचं उष्टं खाऊ नका, हे दिवसभर गावाला सांगत फिरायचं हाच माझा धंदा. आणि इथे घरमालकीण माझं ताट उष्टं करून मला जेवायला सांगत होती. मला वाटलं, म्हातारीचा स्क्रू जरा ढिला दिसतोय. त्या दिवशी मी अर्धपोटीच उठले.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. ताट वाढून घेतलं आणि थेट बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मावशी गुडघ्यावर हात देत उठल्या, ओट्यावर आल्या, घास खाल्ला, "जेव" म्हणाल्या आणि परत आत गेल्या. तिसऱ्या दिवसापासून मी नाद सोडला.

गावाला याचं काहीच वाटत नव्हतं. ग्रामसेवक, मोजणीला आलेली माणसं, कुणाच्या लग्नाला निघालेले पाहुणे, मावशींच्या घरी जेवलेल्या प्रत्येकाच्या ताटाला त्यांचा हात लागलेला. एकदा तालुक्याच्या एका साहेबांनी नाक मुरडलं. मावशी गोड आवाजात म्हणाल्या, "राव, इख घातलंय का न्हाई ते बघितलं. तुमच्यासाठीच बघितलं." साहेबांनी ताट तसंच ठेवलं आणि जीप गाठली. मावशींना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यांचं काय चुकलं.

मी डिंगोऱ्याची. आमच्याकडे भाताची खाचरं, नजर जाईल तिकडे हिरवं. आण्याचं पठार मला पहिल्यांदा उघडंबोडकं दिसलं. माळ, वारा आणि वाऱ्यात भर घालणाऱ्या मावशींच्या शिव्या. त्या कोंबड्यांना शिव्या द्यायच्या, मोटारीला द्यायच्या, फोनमधल्या बाईला तर फारच द्यायच्या. "आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती," असं ती बया बोलायला लागली की मावशी तिला मधेच तोडायच्या, "व्यक्ती न्हाई, पोरगं हाय माजं. चाकणला हाय. बोलव त्याला." आज त्या माळाची आठवण आली की मला आमची खाचरं फिकी वाटतात. माणसाचं काही सांगता येत नाही.

मावशींचं खरं रूप बघायला मात्र पेरणीआधीच्या दिवसांत यावं लागायचं. बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला आळीतल्या बायका दुपारच्या एकमेकींच्या पडवीत जमायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. मशीन आलेलं होतं, पण मशीनमध्ये दाणा दुभंगतो आणि दुभंगलेला दाणा उगवत नाही. शिवाय मावशींचं म्हणणं, "मशीन गोष्ट सांगतं का?"

कारण शेंगा फोडायच्या त्या गोष्टींवर. राजाराणीच्या, राक्षसांच्या, हडळीच्या, बोलणाऱ्या पाखरांच्या. आळीत या गोष्टी सगळ्यांनाच येत होत्या, पण मावशींच्या समोर सांगायच्या तर एक कायदा होता. गोष्टीत कुणी मरायचं नाही. कुणाला शिक्षा व्हायची नाही. कुणी वाईट निघायचं नाही.

"बियाणं ऐकतं," मावशी म्हणायच्या. "मरणाची गोष्ट ऐकून त्यानं रुजायचं कसं?"

हा कायदा पठारावरचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. पण त्यामुळे त्यांची पंचाईत अशी व्हायची की जुनी एकही गोष्ट जशीच्या तशी चालेना. सातासमुद्रापलीकडे राक्षसाचा जीव पोपटात असतो, राजपुत्र पोपटाची मान पिरगाळतो, राक्षस कोसळतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. मावशी पोपटापाशी आल्या की थांबायच्या. "पोपटाचा काय गुन्हा? त्यानं कुनाला खाल्लंय?" मग त्यांचा राजपुत्र पोपटाला पेरू द्यायचा. पोपट पेरू खायचा, आणि जीव एकच असल्यामुळे तिकडे राक्षसाचं पोट भरायचं. पोट भरलेला राक्षस माणसं कशाला खाईल? तो ढेकर देऊन झोपायचा. राजपुत्राचं काम एवढंच, की रोज पेरू न्यायचा. "आन ते मारण्यापरीस अवघाड हाय," मावशी बजावायच्या. "मारायचं एकदाच असतंय. पेरू रोज न्यावा लागतो."

आवडती-नावडतीच्या गोष्टीत त्यांच्या दोन्ही राण्या मिळून राजालाच गोठ्यात झोपवायच्या. लेकरं पळवणाऱ्या हडळीबद्दल मावशी विचारायच्या, "हिला कुनी कधी हळदी-कुकवाला बोलावलं व्हतं का?" मी हसायचे. सगळ्याच हसायच्या. पण त्या हडळीबद्दल नंतर मला फार दिवस वाईट वाटत राहिलं, हेही खरं.

शेजारच्या आक्का म्हणजे मावशींची जन्माची मैत्रीण आणि जन्माची विरोधी पार्टी. त्यांना हे मवाळ शेवट बिलकूल मंजूर नव्हते. "ह्या बाईच्या राज्यात चोर सुटत्यात," असं त्या मावशींच्या तोंडावर म्हणायच्या. एका दुपारी मावशी चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात आक्कांनी डाव साधला. आम्हाला जुनी, खरी गोष्ट सांगायला घेतली. राजाची पहिली राणी मेली, दुसरी आली, तिनं सवतीच्या पोराच्या खिरीत विष कालवलं, मांजरानं खीर चाटली म्हणून कळलं, आणि राजानं तिचा कडेलोट केला. आक्कांनी कडेलोट इतका रंगवून सांगितला की त्या राणीचं कपाळ कुठल्या दगडावर आपटलं ते आम्हाला दिसलं.

मावशी चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते कुणी बघितलं नव्हतं.

त्या पुढे आल्या. किटली खाली ठेवली, पडवीभरच्या सुपांमधले त्या दुपारचे सगळे दाणे एका पाटीत गोळा केले, आत गेल्या आणि चूल पेटवली. थोड्या वेळाने भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास आला. आक्का धावत आत गेल्या. "अगं, बियाणं व्हतं ते!"

"आता न्हाई," मावशी कढईतून नजर न काढता म्हणाल्या. "आयकलं त्यानं."

त्या दाण्यांचे लाडू झाले. आम्ही ते मुकाट्याने खाल्ले. आक्कांनी सुद्धा खाल्ले, पण त्यांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी आक्का बीपी तपासायला उपकेंद्रात आल्या. बीपी वाढलेलंच होतं. "शिष्टर, काल माजी जीभ घसरली," म्हणाल्या, आणि मग त्यांनी मला मावशींची गोष्ट सांगितली.

मावशी त्या घरात आल्या त्या दुसरेपणावर. पहिली बायको तापाने गेलेली, मागे एक लहान मुलगा. घरात सासू. सासूने त्या पोराला मांडीवर घेऊन वर्षभर एकाच जातीच्या गोष्टी सांगितलेल्या, सावत्र आईच्या. मावशींचं माप ओलांडून झालं, पहिला स्वयंपाक झाला, ताट वाढलं, आणि पोर जेवेना. आजीकडचं खायचं, मावशींच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. समोर ताट आलं की हात मागे लपवायचं. तेव्हा मावशी त्याच्यासमोर बसल्या, त्याच्या ताटातला घास मोडला, खाल्ला, तोंड उघडून दाखवलं. "बघ. मेले का?" पोराने बराच वेळ वाट बघितली. त्या मरत नाहीत अशी खात्री झाल्यावर जेवलं. उद्या परत तेच. परवा परत तेच.

"वर्सानुवर्सं," आक्का म्हणाल्या. "पोरगं मोठं झालं, पर हिचा हात ऱ्हाईना. मग काय, येईल त्याच्या ताटात."

मी आक्कांना गोळी दिली आणि त्या गेल्यावर जरा वेळ दार लोटून बसले. त्या संध्याकाळी मावशींनी माझी भाकरी मोडली तेव्हा मी पहिल्यांदा थांबून त्यांचं गिळून होईपर्यंत बघितलं.

सासूबद्दल मात्र त्यांच्यासमोर वाईट बोलायची सोय नव्हती. "म्हातारी वंगाळ नव्हती," त्या म्हणायच्या. "तिची लाडाची सून गेली व्हती. भ्याली व्हती ती. भ्यालेलं माणूस तशाच गोष्टी सांगतंय." थोडक्यात, राक्षसाला लावलेला न्याय सासूलाही.

मुलगा चाकणला कंपनीत होता. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर यायचा. चाळिशी ओलांडलेला, डोक्यावरचे केस विरळ झालेला, कमी बोलणारा माणूस. येताना काहीबाही आणायचा. गुडघ्याचं तेल, फरसाण, एकदा एक भलामोठा पंखा. "मावशी, बरी हायेस का?" म्हणायचा. तोही मावशीच म्हणायचा. खरं तर तो म्हणायचा म्हणून सगळं गाव म्हणायचं. गावाची ती मावशी झाली ती त्या एका पोरामुळे.

तो जेवायला बसला की मी मुद्दाम काहीतरी काम काढून तिथे रेंगाळायचे. ताट पुढे आलं की तो दोन्ही हात मांडीवर ठेवायचा. मावशी घास खायच्या. तो खाली बघत थांबायचा, त्यांनी गिळेपर्यंत. मग त्या "जेव" म्हणायच्या आणि तो जेवायचा. मला तेव्हा वाटायचं, याला जरा लाज कशी वाटत नाही, अजून तपासून घेतो म्हणजे काय?

निघताना मावशी दर वेळी विचारायच्या, "शेंगांना बसतो का घटकाभर? गोष्ट सांगते."

"न्हाई, डुटी हाय."

एकदा तो गाडीला किक मारत असताना मी त्याला म्हटलं, बसा की एकदा, त्यांना बरं वाटेल. तो हसल्यासारखं करून म्हणाला, "लहानपणी लई ऐकल्यात गोष्टी, शिष्टर. भ्या वाटतं आजून."

मावशींची स्वतःची अशी एकच गोष्ट होती, आणि ती त्या शेंगा संपायच्या शेवटच्या दुपारी सांगायच्या. तिच्यात राक्षस नव्हता, हडळ नव्हती. राजाची दुसरी राणी आणि न जेवणारा राजपुत्र. राणी रोज पहिला घास खायची आणि रोज जिवंत राहायची. "जिवंत ऱ्हाणं येवढंच तिचं काम," असं म्हणून मावशी हसायच्या. मग राजपुत्र मोठा व्हायचा, घोड्यावर बसून लांबच्या नगरीला जायचा, आणि तिथे गोष्ट थांबायची.

"पुढं?" कुणीतरी विचारायचंच.

"पुढचं त्या राजपुत्राला ठावं. मी कशी सांगू?"

सगळ्यांच्या गोष्टींचे शेवट बदलणाऱ्या या बाईला स्वतःच्या गोष्टीचा शेवट करता येत नव्हता. म्हणजे करता आला असता. चुटकीसरशी आला असता. त्या करत नव्हत्या.

माझी बदली महाळुंगे पडवळला झाली. सामान बांधायच्या आदल्या दुपारी मावशी पडवीत माझ्यासाठी हुलगे निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता, मान वर न करता म्हणाल्या, "शिष्टर, मला काय कमी न्हाई. पोरगं गुणाचं हाय. पर एकदा आई म्हणला असता, तर त्याचं काय जात व्हतं?"

मी म्हटलं, "मग सांगा ना त्याला."

"कशी सांगू? मीच म्हणले व्हते. पैल्याच दिशी. आईच्या फोटूकडं बघून रडत व्हतं. म्हणलं, मला आई म्हणू नगंस बाळा, तुजी आई ती. मला मावशी म्हण. तवा कुठं रडायचं थांबलं." हुलग्यांतला खडा त्यांनी अंगणात भिरकावला. "लई आज्ञाधारक पोरगं. आजूनबी ऐकतंय."

मावशी माघात गेल्या. सकाळी चूल पेटवायला उठल्या आणि चुलीपाशीच बसल्या जागी गेल्या. मी पोचले तेव्हा मुलगा आलेला होता, कंपनीच्या कपड्यांतच. रडत नव्हता. भिंतीला टेकून बसला होता. मला बघून एवढंच विचारलं, "शिष्टर, रातच्याला जेवली आसंल का?" मी त्यांची नर्स नव्हते तेव्हा, मला माहीत असायचं कारण नव्हतं. पण मी हो म्हटलं.

आता घर बंद होणार, शेत कुणाला तरी वाट्याने जाणार, असं सगळे धरून चालले होते. मीही. महाळुंग्याच्या खोलीत एकटीच जेवायला बसले की भाकरी मोडण्याआधी माझा हात थांबायचा. मी वाट बघायचे. कशाची, ते कळायला मला काही दिवस लागले, आणि कळल्यावर मी ताट बाजूला सारलं. मला मावशी हव्या होत्या. उष्ट्या भाकरीसकट, कोंबड्यांना दिलेल्या शिव्यांसकट हव्या होत्या.

पेरणीच्या आधी आक्कांचा फोन आला. "शिष्टर, शेंगा फोडायला ये. भाऊनं, मावशीच्या पोरानं, सुट्टी काढलीय. शेत तोच पेरतोय."

मी गेले. पडवी तीच, बायका त्याच. मावशींच्या जागी कुणी बसलं नव्हतं. मुलगा एका बाजूला सूप घेऊन शेंगा फोडत होता. बाप्या माणूस बायकांत शेंगा फोडायला बसलाय, यावर एरवी आळीने महिनाभर थट्टा केली असती. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. कुणी गोष्टही सांगेना. नुसता टरफलांचा आवाज. एवढ्या मुक्याने त्या पडवीत शेंगा कधी फोडल्या गेल्या नव्हत्या.

शेवटी आक्कांना राहवलं नाही. "आरं, कुनीतरी सांगा काय तरी. बियाणं हाय ते. त्याला काय वाटंल?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा तो खाकरला.

"राजपुत्राची सांगू?" सुपाकडे बघतच त्याने विचारलं. "आक्का, ती कुठवर सांगायची?"

"घोड्यावर बसून नगरीला गेला. तितवर."

म्हणजे त्याला माहीत होतं, मावशींची एक गोष्ट आहे ते. कुणाकडून कळलं होतं, कोण जाणे.

"तर राजपुत्र नगरीला गेला," त्याने सुरू केलं. त्याला गोष्ट सांगायची सवय नव्हती, वाक्य अडत होतं. "तिथं त्याला रोज ताट मिळायचं. कँटीनचं." दोघी-तिघी हसल्या. "पर जेवताना त्याचा हात थांबायचा. म्होरं कुनी नसायचं घास खायाला. इखाचं भ्या कवाच गेलं व्हतं. तो लहान व्हता तवाच गेलं व्हतं. पर तिनं खाल्ल्याबिगर त्याला जेवाण गोडच लागंना. म्हणून तो सुट्टीची वाट बघायचा."

मी हातातली शेंग तशीच धरून बसले. ते मांडीवर ठेवलेले हात मी इतकी वर्षं चुकीचे वाचले होते.

"त्याला राणीला आई म्हणायचं व्हतं. पर राणीनं सांगितलं व्हतं, आई म्हणू नगंस. त्याला वाटायचं, तिला नको आसंल. दुसरीचं पोर. मग कशाला तिचा सबुद मोडा?" तो थांबला. हातातली शेंग फोडली. "मग एक दिस, सकाळच्या पाळीला, त्याला निरोप आला."

पडवीत टरफलांचा आवाज थांबला. निरोप काय होता ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याचे ओठ हलत होते, पण पुढचं वाक्य येत नव्हतं. आक्का त्याच्याकडे डोळे ताणून बघत होत्या. मग त्याची नजर पुढ्यातल्या सुपावर गेली. सुपात त्याने फोडलेले लाल दाणे होते. तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"निरोप आला," तो म्हणाला, "की राणीनं पुरणपोळ्या केल्यात. तर ये."

त्याने हातातलं टरफल बाजूला टाकलं.

"राजपुत्र गेला. राणी चुलीपाशीच बसली व्हती. तिनं ताट वाढलं. पैला घास खाल्ला. राजपुत्र म्हणाला, आई, आता जेवू का? राणी म्हणली, जेव."

एवढं बोलून त्याने पुढची शेंग घेतली आणि फोडली.

आक्कांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. त्या रडल्या नाहीत, बियाण्यासमोर त्यांना रडायचं नव्हतं. थोड्या वेळाने त्या उठल्या, त्याच्या पुढ्यातलं सूप उचललं, आतले सगळे दाणे बियाण्याच्या पोत्यात ओतले आणि म्हणाल्या, "हे पेर, भाऊ."